हल्ली मुक्काम तंजावर

हल्ली मुक्काम तंजावर,
९ मार्च

चि. हरिप्रिया हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन वॉर्डनबाईंच्या कपाटात ठेवलास आणि नीटची परीक्षा होईतो तो हातात घेणार नाहीस, हे मला पसंत आहे. तुझ्या आईला नाही. ती विचारते, मुलगी तिरुच्चीला बीएस्सीला पाठवली की काशीला? मी म्हटलं, पत्रं आहेत की. कॅलेंडर समोर धरून ही देवनागरी मी एकट्यानं शिकलो, ती काय फक्त दुकानाच्या पाटीसाठी?

बीएस्सीचं पहिलं वर्ष आणि नीटचा दुसरा प्रयत्न, अशा दोन्ही डगरींवर तू हात ठेवला आहेस. हरकत नाही, पण दोन्ही हात घट्ट असू देत. तुझं जीवशास्त्राचं पुस्तक मी पुन्हा वाचून काढलं. मूत्रपिंडाच्या आकृतीत एका बाणाची दिशा मला खटकते, ती तुझ्या प्राध्यापकांना दाखव. मोटरचं वाइंडिंग करणाऱ्याला प्रवाह कुठून कुठे जातो एवढं तरी कळतं.

दाखल्याचं काम मार्गी लागलं. तू सहावी ते आठवी बंगळूरला शिकलीस, म्हणून मेडिकलच्या प्रवेशाला आपण इथलेच असल्याचा सरकारी दाखला लागतो. त्याच्या चौकशीला आपल्या वॉर्डाचा ग्राम अधिकारी दुकानात आला होता. पोरसवदा माणूस, नुकताच धर्मपुरीहून बदलून आलेला. त्यानं आमचं गाव कुठलं म्हणून विचारलं. मी हातातलं काम खाली ठेवलं, हात पुसले आणि बैजवार सांगितलं. पिंपळखडी, जिल्हा सातारा. राजांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज घोड्यावरून इथे कसे आले, तेही सांगितलं. त्यानं सगळं टिपून घेतलं. तमिळमध्ये पिंपळखडी लिहिताना त्याचं एक अक्षर चुकलं, ते मी दुरुस्त करून दिलं.

या पत्राचा प्रश्न : हृदयाचा पहिला आवाज कोणत्या झडपा मिटल्यानं येतो?

आशीर्वाद माझ्याकडून पुरे आहेत, गुणांची भर तू घाल.

तुझा अप्पा,
तुळजाराम रघोजी


तिरुच्ची,
१४ मार्च

ती. अप्पांस हरिप्रियेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

उत्तर : त्रिदली आणि द्विदली. बाणाचं सरांना दाखवलं. पुस्तक बरोबर आहे म्हणाले, पण हे कोणी पाहिलं म्हणून दोनदा विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.

मेसच्या रसमला चव नाही. झुरळाच्या डिसेक्शनला माझे हात कापत नाहीत, एवढं आईला सांगा. माझी खोलीतली मैत्रीण भुवना ओरत्तनाडूची. तुमच्या पत्राच्या डोक्यावर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवलं. सध्या तंजावरात मुक्काम आहे, असा अर्थ सांगितला. कधीपासून, असं तिनं विचारलं. साडेतीनशे वर्षांपासून, म्हटलं. हसता हसता तिची कॉफी सांडली.

सराव परीक्षेत मी काठावर आहे, अप्पा. राज्याच्या कोट्यातून एखादी सरकारी जागा मिळेल, एवढ्याच काठावर. देशभराच्या यादीत या गुणांना कोणी विचारणार नाही. म्हणून एक शंका. तुम्ही पिंपळखडी सांगितलंत, ते ठीक. पुढे तंजावर सांगितलंत ना?

आईस नमस्कार. तुमची माया आहे, तशीच तुमची घाईही असू दे. दाखला लवकर पाठवा.

तुमची,
हरिप्रिया


हल्ली मुक्काम तंजावर,
२ एप्रिल

चि. हरिप्रिया हिस आशीर्वाद. वि. वि.

उत्तर लिहायला उशीर झाला. शेतकऱ्यांचे पंप एकदम दुकानात येऊन पडले आहेत. ऊन चढलं आहे. तुझ्या आईची तब्येत उत्तम आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. पानात वाढते, पण बोलत नाही.

दाखल्याचं काम चालू आहे. सरकारी काम आपल्या चालीनं चालतं. तू त्यात डोकं घालू नयेस. तुला फिजिक्स कच्चं आहे, डोकं तिकडे घाल.

प्रश्न : तांबड्या पेशी तयार कुठे होतात, आणि नष्ट कुठे होतात? एका वाक्यात.

आशीर्वाद आहेतच.

अप्पा


तिरुच्ची,
७ एप्रिल

ती. अप्पांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

शनिवारी हिराबाई आत्या पापनाशमहून मला भेटायला आली. डब्यात डांगर आणि कोडबळी होती, आणि पोटात बातमी. कोडबळी भुवनानं संपवली. बातमी मी ऐकली.

अर्ज मार्चमध्येच नामंजूर झाला म्हणे. मूळचे महाराष्ट्रातले, असा शेरा आहे. आत्या म्हणाली, तो अधिकारी वाईट नाही. त्यानं तुम्हाला स्वतः बोलावून सांगितलं, की नवा अर्ज करा, जुने कागद आणा आणि आमचं गाव तंजावर एवढा जबाब द्या. तुम्ही कचेरीच्या पायरीवरून परत फिरलात. रघोजींचा मुलगा आपलं गाव बदलत नसतो, असं तिथल्या शिपायाला सांगून आलात.

मी रागावलेली नाही. रागावायलाही वेळ नाही, परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. पण कालपासून पुस्तक उघडलं की तो शेराच दिसतो. मागच्या वर्षी गुण कमी पडले, तो दोष माझा होता. या वर्षी गुण मिळाले आणि तरी मला परराज्यातली म्हणून बाजूला काढलं, तर मी कुणाला काय सांगू? तिसऱ्यांदा बसायचं बळ माझ्यात नाही. हे मी आईला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते आहे.

एक जबाब द्यायचा आहे, अप्पा. खोटा नव्हे.

तुमची,
हरिप्रिया


हल्ली मुक्काम तंजावर,
१० एप्रिल

चि. हरिप्रिया हिस आशीर्वाद.

हिराक्काच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला ठाऊक होतं. तुझा अभ्यास मोडू नये म्हणून मी गप्प होतो. तो तिनं मोडला.

आता नीट वाच. आपल्याकडे जमीन राहिली नाही, घोडा राहिला नाही. नववीत शाळा सुटली तेव्हा माझ्याकडे तर काहीच नव्हतं. दुकानातला मालक मला बोलावताना नाव घेत नसे. तेव्हा वडिलांनी बसवून सांगितलं की आपण पिंपळखडीचे, कुणी विचारलं तर हे पहिलं सांगायचं. त्या एका नावावर मी मान वर ठेवून काम शिकलो. घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर ते छापलं आहे. आता एका शिक्क्यासाठी कचेरीत उभं राहून ते पुसून टाकू?

कारकुनाला इतिहास कळत नाही, हा माझा दोष नव्हे. वरच्या साहेबांना मी सविस्तर पत्र लिहितो आहे.

मागच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही.

अप्पा


तिरुच्ची,
१४ एप्रिल

ती. अप्पांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

उत्तर : तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि प्लीहेत नष्ट होतात. त्या जन्मभर राबतात कुठे, ते तुम्ही विचारलं नाहीत.

मी पाचवीत असताना तुम्ही आईला आणि मला पिंपळखडीला नेलं होतं. तुम्ही नवं धोतर नेसला होतात. देवळाच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसली होती. आपलं आडनाव तुम्ही त्यांना सांगितलंत, आजोबांचं नाव सांगितलंत. कुणालाच काही आठवेना. तरी त्यांनी चहा दिला. आपलं मराठी ऐकून त्यांतले एक हसले, आणि पाव्हणं कुठलं म्हणून विचारलं.

तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुम्हाला आठवत असेल. मला आठवतं, कारण मी तुमचं बोट धरून उभी होते. कुणी पढवलं नव्हतं, कागदावर शिक्का नव्हता. तुम्ही लगेच म्हणालात, "तंजावरचे."

तेव्हा पिंपळखडी पुसली गेली नाही. आताही जाणार नाही.

यापुढे परीक्षा होईपर्यंत मी लिहिणार नाही. फिजिक्स कच्चं आहे. तुमचा लोभ गृहीत धरते.

हरिप्रिया


मुक्काम तंजावर,
२५ एप्रिल

चि. सौभाग्यकांक्षिणी हरिप्रिया हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. मूळ कागद तुझ्या आईनं तिच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. मला हात लावू देत नाही.

वरच्या साहेबांना लिहिलेलं पत्र चार पानांचं झालं होतं. तुझं पत्र आलं आणि साहेबांचं ते पत्र मी पोस्टात टाकलं नाही. पत्र चांगलं उतरलं होतं, म्हणून ठेवलं आहे. नवा अर्ज भरला. वडिलांचा तिरुवैयारूच्या शाळेतला दाखला आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या घेऊन कचेरीत गेलो. मी पुन्हा पायरीवरून फिरेन म्हणून हिराक्का पापनाशमहून आली आणि दारातच बाकावर बसली. आत जाताना तिच्याकडे पाहिलं नाही.

अधिकाऱ्यानं उभं राहून खुर्ची दिली. तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "आमचं गाव तंजावर." त्यानं लिहिलं. मग मान वर करून, अजून काही सांगायचं आहे का म्हणून विचारलं. त्याचा हेतू वाईट नसावा. तोंडाशी आलेले घोडे, फौज, राजे, सगळं मी गिळलं. नाही म्हणालो. दाखला हातात आल्यावर अक्षरन् अक्षर तपासलं, एकही चूक नाही. माणूस शिकतो आहे.

जिना उतरताना वाटलं, आता वडिलांना काय सांगणार? मग लक्षात आलं, त्यांच्या अस्थी तिरुवैयारूला कावेरीत मीच सोडल्या. विचारतील तर तिथूनच विचारतील. रविवारी जाऊन घाटावर बसून आलो. कुणी काही विचारलं नाही.

आई बोलू लागली आहे. पहिलं वाक्य होतं की चार पानं लिहिणाऱ्यानं घरात एक शब्द विचारला असता तर मार्चमध्येच काम झालं असतं. 

तू आता फक्त पेपरचा विचार कर. येणारं आधी सोडव, अडलेलं मागे ठेव, आणि रागानं कुठल्याही गोलावर खूण करू नकोस. ते आपल्या घरात मी करून पाहिलं आहे.

या वेळी प्रश्न नाही. परीक्षेला जाताना दही-साखर तुझ्या हातावर घालायला आई तिरुच्चीला येते आहे. मीही येईन, फाटकाबाहेर उभा राहीन. तिथे कुणी कुठले म्हणून विचारलं तर सांगेन.

लोभ आहे तो तुला माहीत आहे, तेव्हा लिहीत नाही.

तुझा अप्पा,
तुळजाराम रघोजी

ता. क. : पत्राच्या डोक्यावरचं 'हल्ली' विसरलो असं तुला आणि त्या भुवनाला वाटेल. विसरलेलो नाही. गाळलं आहे.