लोसाची शिकवणी

साउथहॅम्प्टन,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. समर,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझं जहाज या घटकेला कुठल्या पाण्यात आहे ते तुझी तनू रोज फोनवर बघून सांगते, त्यामुळे ‘कुठवर पोचलास’ असं विचारायचीही सोय उरलेली नाही. हे पत्र तुमच्या एजंटकडे स्पेनला पाठवतेय. तू म्हणशील, ताईला काय झालं, फोन आहे की. पण फोनवर तू ‘बोल ताई’ म्हणतोस, मागे इंजिनाची घरघर चालू असते आणि मी जेवलास का एवढं विचारून ठेवून देते.

आधी बातम्या. अतुल आठवड्यातून तीनदा कामाला रीडिंग शहरात जातो. ट्रेन वेळेवर आली की त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. माझं हॉस्पिटल नेहमीचंच. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बायकांच्या पोटावर जेल लावायचं आणि त्यांची बाळं त्यांना पडद्यावर दाखवायची. तुझ्या वीरचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तो सध्या शिट्टी वाजवल्यासारखा बोलतो.

तुझ्या लोसाची तब्येत उत्तम. पाय थोडे सुजतात. म्हणून हल्ली ती रविवारची पोरांना घेऊन आमच्याकडे येत नाही. दोन गल्ल्या चालायचं म्हणजे या दिवसांत त्रासच. मीही आग्रह करत नाही.

नाही, हे खोटं लिहिलं मी. परवाच मी तिला दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढ चढताना पाहिलं, माझ्यापेक्षा भरभर. ती येत नाही कारण तिचं मन माझ्यावरून उडालंय. आणि ते का, हे तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

सप्टेंबरात तिनं दिवस राहिल्याचं सांगितलं, तेव्हा मी आपली आपल्याकडच्या रीतीनं म्हटलं, ‘दोन आहेत की तुला, हे तिसरं मला देऊन टाक.’ आपल्याकडे कोण म्हणत नाही? श्रीवर्धनच्या सुमनकाकू तर प्रत्येक बारशात म्हणायच्या, आणि खरंच कुणी दिलं असतं तर मागच्या दारानं पळाल्या असत्या. लोसानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ‘ओके’ म्हणाली. मी हसले. तीही हसली. मी चहा टाकायला गेले.

त्यानंतर तिनं मला तिची भाषा शिकवायला घेतली. मला वाटलं, तू नाहीस, तिचं तुवालू पॅसिफिकात, जगाच्या दुसऱ्या टोकाला, बिचारीला घरची आठवण येत असेल, बोलायला कुणी हवं असेल. मी म्हटलं, शिकव बाई. पण ती काय शिकवते! आपल्या शाळेतल्या शिंदेबाई बऱ्या. ओट्याशी उभी राहून मी भाजी चिरायची आणि तिनं विचारायचं. मासा? ईका. पाणी? वाई. वारा? मातांगी. चंद्र? मासिना. झोप? मोए. चुकलं की पहिल्यापासून. बंदरावरून सीगल ओरडत गेला तर म्हणायची, हे नव्हेत, आमच्याकडे पांढरे शुभ्र छोटे पक्षी असतात, आकिआकी. म्हण आकिआकी. तिच्या बेटाच्या आत प्रवाळाच्या कड्यानं वेढलेलं शांत पाणी आहे, त्याला नामो. मी विचारलं, म्हणजे खाडी का गं? तर नाही म्हणाली, खाडी कुठेतरी जाते, नामो कुठे जात नाही. इथल्या समुद्राला ती समुद्र म्हणतच नाही. म्हणते, हा जहाजांचा कार पार्क आहे.

नारळावर मात्र आमचं जुळलं. इंग्रजीत सगळंच कोकोनट, झाडावर असो की डब्यात. तिच्याकडे झाड म्हणजे नीऊ, शहाळं म्हणजे पी. मी तिला आपलं शहाळं, अडसर, नारळ, गोटा, झावळी, करवंटी, काथ्या सगळं सांगितलं. कोंब फुटलेल्या नारळाच्या पोटात तो मऊ गोड गोळा होतो ना, ज्याच्यासाठी आपण दोघं मारामाऱ्या करायचो, त्यालाही त्यांच्यात वेगळा शब्द आहे. मी तो दर वेळी विसरते आणि ती दर वेळी रागावते. पावसाळी रविवारी त्या स्वयंपाकघरात मी फार सुखात होते, समर. हे मुद्दाम लिहिते.

मग फेब्रुवारीत एका रविवारी ती वीरच्या लहानपणच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आली. सरळ वर गेली आणि आमच्या खोलीत उभी राहून म्हणाली, पाळणा खिडकीशी नको, इथे मातांगी लागेल. मला काही कळेना. मी विचारलं, कोणाचा पाळणा? ती म्हणाली, तुझ्या बाळाचा. तू मागितलंस, मी हो म्हटलं.

मी म्हटलं, अगं लोसा, ती थट्टा होती.

तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. आवाज न चढवता ती एवढंच म्हणाली, ‘ताई, मूल कुणी थट्टेनं मागतं?’ आणि गाठोडं उचलून निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी सभ्यपणे बोलते. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

तू तिची समजूत काढ. आपल्याकडे असं म्हणायची पद्धत आहे, त्यात वाईट काही नसतं, हे तिला तुझ्या तोंडून पटेल. आमच्याबद्दल म्हणशील तर आम्ही दोघं मजेत आहोत, आता या वयात आम्हाला काही नको. पाळण्याचा वगैरे तर प्रश्नच नाही.

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी
ताई


साउथहॅम्प्टन,
रविवार, ३० मार्च २०२५, गुढीपाडवा

चि. समर,

पाडव्याचे आशीर्वाद. तुझा फोन आला, तू पत्र वाचून हसलास. ‘ताई, तूही ना! मलाही तिनं डिसेंबरात विचारलं होतं, बाळ ताईला द्यायचं का, मी म्हटलं देऊन टाक, नाहीतरी दोघं रात्रीचं झोपू देत नाहीत.’ आपण दोघं एकाच घरातले, जड काही आलं की थट्टेवर न्यायचं. तिनं तुला मनापासून विचारलं, मला मनापासून हो म्हटलं, आणि दोन्हीकडून तिला विनोद मिळाला. तिच्या जागी मी असते तर भांडी फोडली असती.

मागच्या पत्रात शेवटी जे लिहिलं, आम्हाला काही नको, ते पोस्टात टाकल्यापासून मला छळतंय. अतुलला मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आले, तर छोट्या खोलीतली त्याची व्यायामाची सायकल शेडमध्ये गेली होती. मी विचारलं, हे काय? म्हणाला, ‘काही नाही, जस्ट क्लिअरिंग अप.’ लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्या माणसानं कधी स्वतःहून शेड उघडलेली नाही.

मला ते मूल हवं आहे, समर. लिहिलं एकदाचं. मला ते इतकं हवं आहे की मी थट्टा म्हणून हात वर केले. आमचे ते तीन वेळचे उपचार तुला माहीत आहेत. त्यानंतर दत्तक घ्यायला गेलो, ती मुलगी सात आठवडे आमच्याकडे होती, आणि मग तिची आजी पुढे आली. आजीचं बरोबरच होतं, ती चांगली बाई होती. पण त्यानंतर मी ठरवलं की मागायचं नाही. मागितलं नाही तर कुणी परत नेत नाही.

आज इथे पाडवा आणि मदर्स डे एकाच दिवशी आलेत. दुकानांतून कार्डं आणि फुलं. दर वर्षी या रविवारी मी घरातून हलत नाही. आज सकाळी गुढी उभारली, बागेतल्या बांबूची, वर अतुलचा चांदीचा पेला. मग काठापदराचं लुगडं नेसले, एक नारळ, खण, तांदूळ घेतले आणि लोसाकडे गेले. रस्त्यात लोक बघत होते, बघू दे.

तिनं दार उघडलं. मी म्हटलं, ओटी भरायला आलेय, बस. ती खुर्चीत बसली, मी तिच्या ओटीत तांदूळ घातले, खण आणि नारळ ठेवला. तिनं आधी काय केलं असेल? नारळ कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाली, आत पाणी नाही, दुकानदारानं तुला फसवलंय. वीर हसला, मग तनू. ती मात्र हसली नाही. माझी वाट बघत होती.

मी तिला म्हटलं, तेव्हा मी थट्टा केली कारण खरं मागायची मला भीती वाटत होती. आता थट्टा नाही. आणि पदर पसरला. आपल्या आजीनं सटवाईपुढे पसरला असेल तसा. मला वाटायचं असली नाटकं आपल्याकडून व्हायची नाहीत. झाली.

तिनं पोरांना वर पाठवलं आणि मला जवळ बसवून घेतलं. तुला ठाऊक असेल कदाचित, मला नव्हतं. लोसाला तिच्या आत्यानं वाढवलंय. आत्याला मूल नव्हतं, भावाला चार होती, तिनं मागितलं, त्यानं दिलं. दोन्ही घरं एकाच वाटेवर. ती कुणाकडेही जेवायची, कुणाकडेही झोपायची, आई आणि आत्या, दोघींना एकाच नावानं हाक मारायची. तिला कुणी टाकलं नव्हतं, तिला एक घर जास्तीचं मिळालं होतं. माझी थट्टा तिला लागली ती यामुळे. तिला वाटलं, ज्या गोष्टीनं ती घडली तिलाच मी हसले.

आणि ती शिकवणी. मी विचारलं, तर म्हणाली, ‘बाळ तुझ्या घरात झोपणार. रात्री उठलं तर तुला मोए म्हणता यायला नको? पाणी मागितलं तर कळायला नको? मी दोन गल्ल्या लांब असणार, ताई.’ समर, मी समजत होते मी तिचं मन रमवतेय. ती सहा महिने मला आई व्हायला शिकवत होती, आणि मी भाजी चिरत होते.

मी तिला विचारलं, नंतर तुला परत हवंसं वाटलं तर? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, परत कसं, ते गेलेलंच नसेल. मग म्हणाली, पहिले काही दिवस मी रडेन, तेव्हा तू घाबरायचं नाहीस. हे ऐकून मला रडू आलं, मग आम्ही दोघी रडलो आणि मग तिनंच चहा केला.

पण हो म्हणाली नाही. तिचं म्हणणं, आत्या भावाकडे मागते, भावजयीकडे नाही. तिच्या आत्यानं तिच्या बापासमोर बसून मागितलं होतं, आणि त्यानं तीन दिवस घेतले होते. तुला फोन करून मी हसतहसत विचारलं तर तू हसतहसत हो म्हणशील, हे तिला माहीत आहे. तसलं हो तिला नको आहे. मलाही नको.

म्हणून हे पत्र. मी तुझ्यासमोर बसलेय असं समज.

काय काय बदलेल ते आधी सांगते. कोर्टाचे कागद होतील, कौन्सिलची बाई घरी येऊन आमची कपाटं बघेल, ते अतुल बघतोय, त्यानं आत्ताच फाइल केलीय. ते सोपं. अवघड हे की, तू सहा-सहा महिन्यांनी घरी येशील आणि बाळ माझ्या कडेवर असेल. ते तुझ्यासारखं दिसेल. आपली माणसं त्याला शिकवतील, हा बघ मामा आला. तुला त्या वेळी माझ्याकडे बघून हसावं लागेल, आणि ते हसू खोटं असेल तर मला कळेल, कारण तुझ्या जन्मापासून मी तुला ओळखते. तुला ते झेपणार नसेल तर तो तुझा दोष नाही. आपल्याकडे बापाच्या मनाला कुणी हे विचारतच नाही.

तीन दिवस घे, चार घे. बाळंतपणाच्या तारखेच्या आत कळव. हो असेल तर लोसाला कळव, मला नको, तिच्या तोंडून ऐकीन. नाही असेल तर मला लिही, एका ओळीत लिही, आणि कारण लिहू नकोस. कारण लिहिलंस तर मी ते खोडून काढत बसेन, मला ते जमतं, आणि मग कदाचित तू मान्यही करशील. तसं मिळालेल्या मुलाला मला रात्री उठून पांघरूण घालता येणार नाही.

तुझ्या दारात बसलेली,
मंजिरी