सरकार बनेपर्यंत

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. किटली जळून काळी ठिक्कर पडली तरी तुला तिची शिट्टी ऐकू आली नाही, हे वाचून पत्र तसंच हातात धरून बसलो. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून तर आपण दोघं म्हातारपणी पुन्हा पत्रांवर आलो. मधलीचा मुलगा, आपला भाचा, परदेशातून काळजी करतो ते काही चूक नाही. मेअखेरपर्यंत कुणी सोबतीला आलं नाही तर तू वृद्धाश्रमात जायचं, आणि सोबतीला येण्यासारखं माणूस एकच, मी. एवढं सांगायला तुला दोन पानं लागली. मुख्याध्यापिका असताना एवढे आढेवेढे कधी घेतले नाहीस.

येतो. फक्त मतदान होऊ दे. ही निवडणूक मागच्यासारखी नाही. गेल्या खेपेला आमचा उमेदवार इथे थोडक्यात पडला. या वेळी एकेक मत मोलाचं. सत्तेवर बसलेल्यांनी न्यायालयं वाकवली, वर्तमानपत्रं गप्प केली, आणि आता पानभर जाहिराती देऊन लोकशाहीला शुभेच्छा देतात. मुकाट सहन करणं हेही एक मत असतं आणि ते नेहमी त्यांच्याच पेटीत पडतं, हे मी चाळीस वर्षं ओरडून सांगत आलो. आत्ताच घराला कुलूप घालून निघालो तर मला तोंड कुठे राहील? सभांचं बोलावणं अजून आलेलं नाही. तोफ शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवली असावी.

तू पुन्हा त्या तुझ्या चिमुकल्या पक्षालाच मत देणार, हे मला ठाऊक आहे. चार डोकी आणि एक झेंडा.

लोभ आहेच, वादही असू दे.
तुझा,
धाकटा

१५ एप्रिल

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद.

मागची खोली रिकामी केली. शिलाई मशीन बाहेर काढलं, पुस्तकांसाठी दोन फळ्या ठोकून घेतल्या. सुतार विचारत होता की एवढी पुस्तकं कोण वाचणार. त्याला सांगितलं, वाचून झालीत, आता ती दुसऱ्यांना ऐकवायची बाकी आहेत.

मला विचारशील तर या वेळी कुणालाच बहुमत मिळू नये. बहुमत मिळालं की माणसं ऐकायचं सोडतात. मला निदान कानांचं कारण आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत बारा जणांचे तेरा पक्ष होते, तरी घंटा वेळेवर व्हायची, कारण शाळा एकट्याच्याने चालत नाही हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. तुझ्या पक्षाला हे एकदा कळू दे.

आपणही आघाडीच करतोय, तर किमान समान कार्यक्रम आधीच सांगून ठेवते. वर्तमानपत्र आधी उठेल त्याचं. नेत्यांच्या तसबिरी तुझ्या खोलीत, बाहेर नाही. जेवताना भाषण नाही. केलंस तरी फुकट जाईल. आणि रात्री दाराला कडी घातली की नाही ते तू बघायचं. मी तीनतीनदा उठून बघते आणि तरी झोप लागत नाही.

मतदान झालं की निघ. माझी काळजी पत्रातून करू नकोस.
ताई

११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मत दिलं. दीड तास रांगेत उभा होतो. परत येऊन कुलूप उघडलं, तर बोटावरची शाई दाखवायला आरशाशिवाय कुणी नव्हतं. आरशातल्या गृहस्थाने माझ्याच पक्षाला मत दिलं होतं, त्यामुळे बोलणं पुढे सरकलं नाही.

प्रचाराच्या शेवटच्या सभेला गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो. हल्लीचे वक्ते पडद्याकडे बघून बोलतात, लोकांकडे नाही. भाषणं कधी संपली कळलं नाही. एका कार्यकर्तीने हळूच विचारलं की काका, खुर्च्या गोळा करतोय, उठता का. भली पोरगी, माझी पिशवीही उचलून दिली.

निकाल तू वाचलाच असशील. तुझ्या मनासारखं झालं. बहुमताला त्यांना अकरा कमी, आम्हाला चौदा, आणि तुझ्या चार डोक्यांची झाली सोळा. सगळा देश आता त्या चिमुकल्याच्या उंबऱ्यावर ताटकळतोय. काल आमच्या अध्यक्षांनी तुझ्या पक्षाच्या नेत्याला मिठी मारली. याच माणसाला आम्ही महिन्यापूर्वी संधिसाधू म्हणत होतो. तत्त्वांची वाटणी खात्यांसारखी करता येत नाही, ताई. शिक्षण तुम्हाला, विवेक आम्हाला, असं चालत नाही. पण दुसरीकडे तेच ते पुन्हा पाच वर्षं बसणार असतील, तर मी ही मिठी गिळायला तयार आहे.

तेवढं सरकार बनू दे. रोज पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसतो. कुणाला काही विचारायचं असलं तर आपण जवळ असलेलं बरं.

तुझा,
धाकटा

१८ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कार्यालयात तुला चहा तरी विचारतात का, ते कळव.

परवा मी भांडी घासत होते. मागे वळले तर एक माणूस उभा. विजेचं मीटर बघायला आलेला, दार उघडं होतं, बिचारा हाका मारून थकला आणि आत आला. माझ्या हातून पातेलं पडलं, तेही मला ऐकू आलं नाही. मी भित्री नाही, तू जाणतोस. पण तेव्हापासून स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी राहते.

तू मला बाहेरून पाठिंबा देतोस. असल्या पाठिंब्यावरची सरकारं टिकत नाहीत, हे तूच मला सांगत आलास. एकतीस तारखेला भाच्याला काय ते कळवायचंय.

ताई

२९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जमलं. रात्रभर खल करून सह्या झाल्या. तुझ्या पक्षाने रेल्वे मागितली आणि मिळवली. परवा शपथविधी, चार तारखेला विश्वासदर्शक ठराव. दोन-तीन मतांचा खेळ आहे, श्वास रोखून बसावं असा. तो पार पडला की पाच तारखेची सकाळची गाडी. तिकीट काढलंय, या वेळी बदल नाही. भाच्याला कळव, मामा येतोय.

भिंतीला पाठ लावून उभी राहू नकोस. दार आतून लावून घेत जा.

धाकटा

२ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्ता बदललाय, वर लिहिलाय. एकतीसला तुझं काही आलं नव्हतं, म्हणून भाच्याला होकार कळवला आणि काल इथे आले. घरापासून दोन गल्ल्या पलीकडेच आहे. किल्ली शेजारच्या शिंप्याकडे ठेवलीय.

रागावलेली नाही. सरकार आलं असतं, मग ते पडेल की काय म्हणून तू थांबला असतास. तुला तुझी माणसं तिथे आहेत असं वाटत असेल, तर मी कशी ओढून आणू?

खोलीत आम्ही तिघी. एक पडलेल्या सरकारची कट्टर, दुसरी मतच देत नाही. दोघी पाटीवर लिहून भांडतात, मला मध्ये बसवून. रात्री एक बाई फेरी मारून दारं बघते. काल मी थेट सकाळपर्यंत झोपले. हे तुला लिहिताना वाईट वाटतं, पण खरं आहे ते असं आहे.

ताई

४ जून

ताई,

मायने वगैरे राहू देत. दारावरच्या बाई म्हणाल्या की भेटीची वेळ संपली, हवं तर चिठ्ठी द्या. त्यांच्याच कागदावर लिहितोय, व्हरांड्यातल्या बाकावर बसून.

ठरावाला थांबलो नाही. तुझ्या स्वयंपाकघरातली ती भिंत डोळ्यांपुढून हलेना, म्हणून काल तिकीट बदलून निघालो. तुझं पत्र असलंच तर तिकडे बंद दारात पडलं असेल. इथे आलो तर तुझ्या दाराला कुलूप. शिंपी ठरावाचं काय झालं ते सांगायला लागला. त्याला म्हटलं, ते राहू द्या, ताई कुठे आहे ते सांगा.

बाईंनी विचारलं की तुम्ही कोण. चाळीस वर्षं माइकसमोर उभा राहिलो, पण ‘भाऊ’ एवढंच सांगता आलं.

इथे पुरुषांच्या बाजूला खाट रिकामी आहे का, तेवढं विचारून ठेव. नसली तर घराची किल्ली शिंप्याकडून घेतोच आहे. दोन गल्ल्या मला काही लांब नाहीत. निकाल काय लागला मला अजून माहीत नाही. सकाळी दार उघडलं की मी बाहेर असेन.

धाकटा