एकशे अडुसष्टावी पायरी

४ जून

चि. भाचीबाईस, अ. उ. आ.

मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं याची यादी अर्जासाठी मागितलीस, ती घे. लाकडी जिने अकरा: सरळ सात, वळणाचे तीन, गोल एक. गोल जिना दाताच्या डॉक्टरांकडे आहे. तो करताना मी तीन वेळा रडलो, पण हे अर्जात घालू नकोस. पाळणा एक. त्यात तू झोपायचीस, म्हणजे झोपायची नाहीसच, नुसती किंचाळायचीस. शिडी एक, आमच्याच घरी, माडीवर जायला. ती तात्पुरती केली होती, त्याला एकोणीस वर्षं झाली. यातलं मला कुणीही शिकवलेलं नाही. पहिला जिना वर टेकेपर्यंत तो टेकेल याची मलाही खात्री नव्हती.

तयार घरं बांधणाऱ्या कंपनीने मला जिना विभागाचा प्रमुख म्हणून मुलाखतीला बोलावलंय, एकवीस तारखेला; लेखी अर्ज त्याआधी पोचायला हवा. तिथल्या वरिष्ठ बाई फक्त इंग्रजी बोलतात. सर्टिफिकेट नाही म्हणून आजवर प्रत्येक इंजिनियरने मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. यावेळी खुर्ची देऊन बसवणार आहेत. मला ही जागा हवी आहे, अगदी हवीच आहे. किती काम केलं हे तर विचारतीलच. एकूणला ‘इन टोटल’ म्हणतात एवढं ठाऊक आहे; ते वाक्यात नेमकं कुठे ठोकायचं ते कळव.

ताईला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहेच, पटाशीसारखी त्यालाही धार मी लावून ठेवतो.

तुझा मामा

८ जून

ती. मामास, सा. न. वि. वि.

अर्ज पाठवला. रडणं गाळलं. आता धडा. आधी आकडा सांग, वस्तू सांग आणि मग शेवटी ‘इन टोटल’ बसव. ते आकड्याच्या आधी हवं असेल तर ‘अ टोटल ऑफ’ म्हण. दोन्ही एका वाक्यात नकोत. एका भोकात तू तरी दोन खिळे मारशील का?

पाच वाक्यं करून पाठव. माझ्या वर्गातली मुलं दहा करतात, पण तू नवखा आहेस. आई म्हणते, लहानपणी तू गृहपाठ टाळायला दप्तरालाच कडी-कुलूप बसवलं होतंस. या खेपेला कारागिरी नको, वाक्यं हवीत.

माया राहू दे, छडी विसर.

तुझी मास्तरीण

१३ जून

चि. मास्तरीणबाईंस, आशीर्वाद आणि थोडी भीती.

वाक्य पहिलं: आय हॅव मेड इलेव्हन स्टेअरकेसेस इन टोटल. दुसरं: देअर आर नाइन विंडोज इन माय हाउस इन टोटल. (एक उघडत नाही, पण ती खिडकीच आहे.) तिसरं: आय हॅव वन वाइफ इन टोटल.

चौथ्याने घात केला. किती पायऱ्या केल्या ते लिहायचं होतं. वहीत बेरीज एकशे अडुसष्ट. पण वाक्य खरं असायला हवं म्हणून मी अकराही ठिकाणी जाऊन पाय ठेवून मोजलं. डॉक्टरांना वाटलं दाढ दुखतेय, त्यांनी मला खुर्चीत आडवंच केलं. निवृत्त पोस्टमननी सांगितलं की त्यांच्या गुडघ्यासाठी मी पायऱ्या बुटक्या ठेवल्या होत्या, म्हणून ते अजून गच्चीवर झोपतात. जुळ्यांच्या आईने सांगितलं की खालच्या तीन पायऱ्या मी रुंद केल्या होत्या, त्यावर बसूनच दोघं वाचायला शिकली. बेरीज मात्र एकशे सदुसष्ट! पुन्हा फिरलो. पुन्हा तीच. पायरी चोरीला कशी जाईल?

जेवण जात नाही. आशीर्वाद मात्र पूर्ण मापाचे.

मामा

१६ जून

ती. मामास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोठ्याने वाचताना आई खुर्चीतून घसरली. तिसरं वाक्य व्याकरणात चोख आहे, फक्त मोजून खात्री केलीस का असं ती विचारतेय. एका पायरीसाठी झुरू नकोस. सरळ एकशे सदुसष्ट म्हण, कोण मोजायला येतंय?

आणि हो, तुझ्या पत्रामागे पेन्सिलीने मामीने एक वाक्य लिहिलंय. आठवडाभर तुझी घोकंपट्टी ऐकून शिकली असणार. माय हजबंड हॅज मेड झीरो स्टेप्स फॉर मी इन टोटल. मी तिला दहापैकी दहा दिले. दुखऱ्या गुडघ्याने ती दिवसातून चारदा ती शिडी चढते, मामा.

प्रेम आहे म्हणून लिहिलं.

तुझी भाची

२३ जून

चि. भाचीस, अ. उ. आ.

पायरी सापडली! शिंप्याच्या दुकानात वहीप्रमाणे तेरा, पायाखाली बारा. रस्त्याचं पाणी आत येतं म्हणून त्याने जमीन उंच केली, आणि गवंड्याने लेव्हल धरली ती माझ्या पहिल्या पायरीच्या माथ्याची. फरशीखाली ती जशीच्या तशी आहे. मी फरशीवर टकटक केलं. शिंप्याने गिऱ्हाइकांना सांगितलं की हे आमचे जुने सुतार आहेत, घाबरू नका.

मुलाखतीत खुर्ची मिळाली, गादीची. बाईंनी विचारताच मी म्हणालो: वन हंड्रेड अँड सिक्स्टी-एट स्टेप्स इन टोटल, वन अंडर द फ्लोअर. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. उभं राहून त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि अगं, बाजूचे दोन्ही इंजिनियर माझ्यासाठी उभे राहिले! जागा तिथल्या तिथे दिली.

मग नकाशा उघडला. तीनशे घरं, एकच जिना, प्रत्येक पायरी सात इंच. चढणार कोण, असं मी एका इंजिनियरमार्फत विचारलं. घरं अजून विकली नाहीत, कोण घेईल ते कसं सांगणार, असं त्या म्हणाल्या. मला पोस्टमन आठवले, जुळी आठवली, आणि पेन्सिलीतलं ते वाक्य. मी आभार मानले आणि नकाशा नीट घडी घालून परत दिला.

घरी येऊन तुझ्या मामीचा गुडघा कितपत उचलतो ते मोजलं. ती म्हणाली, एकोणीस वर्षांनी टेप माझ्याकडे वळली का? साडेपाच इंच. पंधरा पायऱ्या, सोळावं पाऊल थेट माडीवर. शिडी काल सरपणात गेली, तिनेच तोडली, आणि तोडताना गाणं म्हणत होती. पहिल्या चार पायऱ्या बसल्यात. पाचवीवर बसून हे लिहितोय, ती अजून ठोकायची आहे, तेव्हा अक्षर हललं तर समजून घे.

लोभ चढता असू दे. तुझं पाचवं वाक्य राहिलं होतं, ते जोडतो. पगार महिन्याला बासष्ट हजार देत होते. बारा महिन्यांचा गुणाकार दोनदा तपासलाय:

आय सेड नो टू सेव्हन लाख फॉर्टी-फोर थाउजंड अ इयर, इन टोटल.