दिवाणातलं चाक

जानकीपुरम, लखनौ
मार्च १९९७, शुक्रवार दुपार

प्रिय मयूर,

एकाच घरात राहणाऱ्या मुलाला पत्र लिहायची वेळ कुठल्या आईवर येऊ नये. तू ऑफिसातून येशील तेव्हा मी स्वयंपाकघरातच असेन, चहाही टाकलेला असेल. पण जे सांगायचं आहे ते तुझ्या तोंडाकडे बघून माझ्याच्याने सांगवणार नाही. दोनदा प्रयत्न केला. एकदा तू फोनवर होतास, आणि एकदा इतका खूश होतास की मी आपलं ‘भाजी वाढू का’ विचारून परत फिरले. आज बँकेतून रजा टाकली आहे ती या पत्रासाठीच. मराठीत लिहिते आहे. तू अडखळत वाचतोस हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. हिंदीत मला भावताव करता येतो, दूधवाल्याशी भांडता येतं. माफी मागायची तर मला मराठीच लागते. उद्या सकाळी तुझ्या मित्राची, धनंजयची, गाडी आपल्या दारात यायच्या आत हे तू वाचायला हवंस.

डिसेंबरात कोइमतूरहून ती लाकडी पेटी आली तो दिवस मला सारखा आठवतो. इंजिनाच्या पाठीला जे जड लोखंडी चाक असतं, तुझं ते फ्लायव्हील, त्याच्या जागी बसवायचं ॲल्युमिनियमचं हलकं चाक. तू ते माझ्या हातात ठेवलंस, ‘देखो आई, कितना हल्का है’, आणि मी म्हटलं, बरं आहे, पुऱ्या लाटून ठेवायला परात झाली. तुझा चेहरा उतरला. तरी तू शांतपणे समजावलंस की जड चाक फिरवण्यातच इंजिनाचा बराच जोर जातो, चाक हलकं असलं की पाय दाबताक्षणी गाडी उसळते. बाबांची जुनी मारुती घेऊन तुला नैनितालच्या रॅलीत उतरायचं होतं. त्या चाकाच्या कडेने दात्यांची पोलादी रिंग चढवायची होती, म्हणून चाक माझ्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांशेजारी गेलं आणि रिंग माझ्या केकच्या ओव्हनमध्ये. गारठ्याने चाक आकसतं, आचेने रिंग फुगते, आणि एकदा दोघं जुळली की सुटत नाहीत, असं तू म्हणालास. सांडशीने उचलून ती रिंग तू अलगद सोडलीस आणि ती अशी बसली की आपण दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्या ओव्हनला अजून ऑइलचा वास येतो.

मग गिअरबॉक्स उतरवून तू गाडीखाली आडवा झालास आणि मी टॉर्च धरून उकिडवी बसले. प्रत्येक भोकातलं जुनं तेल तू फडक्याने पुसून काढलंस. बोल्ट सगळे नवे घेतले होतेस. प्रत्येकाला ते घट्ट धरून ठेवणारं औषध थेंबभर लावलंस, आणि एकदम आवळून न टाकता समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करत, तो जोर मोजणारा पाना लावून कसलेस. पान्यावरचा आकडा माझ्याकडून वाचून घेत होतास. शेवटी पुन्हा एकदा सगळ्यांवरून पाना फिरवलास. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे.

नंतर एकदा निशातगंजला भाजी घ्यायला गेले होते तेव्हा शकीलभाईंच्या गॅरेजवरून जाताना सहज विचारलं. गाडी घेतल्यापासून तेच आपली सर्व्हिसिंग करतात, घरच्यासारखे. ते म्हणाले, ‘काम ठीक हुआ हो तो कोई बात नहीं, भाभीजी. हाँ, बोल्ट जवाब दे गए तो पहिया फ़र्श फाड़कर पैर ले जाएगा.’ मी फक्त दुसरं वाक्य ऐकलं, बोल्ट तुटले तर चाक गाडीचा तळ फाडून पाय घेऊन जाईल, एवढंच. घरी आले ती तुझे पाय डोळ्यांसमोर घेऊनच आले. तू पलंगावर पाय पसरून मासिक वाचत होतास आणि मला तुझ्या मोज्यांकडे बघवेना.

रॅलीच्या आधल्या आठवड्यात, नव्या चाकावर गाडी नीट पळवून बघायच्या आधीच, तू ऑफिसच्या ट्रेनिंगला दिल्लीला गेलास. त्या दिवसांत मी गाडी शकीलभाईंकडे नेली आणि म्हटलं, हे चाक काढा, जुनं बसवा. त्यांनी साफ नकार दिला. ‘बच्चे की चीज़ है, पहले उससे पूछ लीजिए.’ मी त्यांच्या गॅरेजमध्ये, दोन अनोळखी गिऱ्हाइकांसमोर, रडले. बँकेत माझ्या आवाजाला लोक टरकतात आणि तिथे मी पदर तोंडाला लावून उभी. शेवटी बिचाऱ्यांनी केलं. मयूर, रॅलीत तुझ्या गाडीत ते चाक नव्हतं. तू गेलास आणि आलास ते जुन्या लोखंडी चाकावर. तुझं चाक आपल्या दिवाणात, रजयांच्या खाली होतं. आणि जिन्याखालच्या पोत्यात तू जुनं चाक जपून ठेवलं आहेस असं तुला वाटतं ना, तिथे आपल्या फुटक्या जात्याची तळी आहे. पोतं हलकं लागू नये म्हणून मी वर एक वीटही घातली. चोरी करायची तर नीटनेटकी करावी, असा माझा बाणा.

तू परत आलास, सीतापूर रोडवर एक चक्कर मारून आलास आणि दारातूनच ओरडलास, ‘आई, मक्खन!’ मला वाटलं, आता ओळखशील. तू नाही ओळखलंस. रॅलीत धनंजय शेजारी नकाशा घेऊन बसलेला, तोही म्हणाला, ‘हाँ यार, फ़र्क तो है.’ तिसरा नंबर आला. पेपरात फोटो आला, खाली छापलेलं, ‘हलक्या चाकाची कमाल’. मग महाराष्ट्र समाजाच्या हॉलमध्ये तुझा सत्कार झाला, आयुष्यात पहिल्यांदा तू माइकवर मराठी बोललास, तेही त्या चाकावर, आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला हसूच येत होतं. तू चाकाचं कौतुक करायला लागलास की मी दिवाणावर बसून घ्यायची. तुझा नंबर चाकाचा नव्हता, तुझ्या हातांचा होता, हे तेव्हाच सांगितलं असतं तर ती शाबासकी झाली असती. मी गप्प बसले. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, रॅली झाली, विषय संपला.

शकीलभाईंना तू मिठाईचा डबा घेऊन गेलास आणि विचारलंस, देखा पिकअप? ते नंतर मला म्हणाले, ‘भाभीजी, बर्फ़ी गले से नहीं उतरी.’ त्या सरळ माणसाला मी तुझ्यासमोर मान खाली घालायला लावली. तेव्हापासून मी त्यांच्या गल्लीवरून जात नाही. रिक्षावाल्याला लांबून घ्यायला लावते आणि तो विचारतो, उधर से क्यों, माताजी? काय सांगू त्याला? खाई त्याला खवखवे.

विषय संपला नाही. तू निशातगंजला दुकान भाड्याने घेतलंस. असली आणखी चाकं मागवलीस. येत्या सोमवारी राजीनामा देणार आहेस, म्हणालास, सब यही लगवाएँगे, आई. मला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं होऊन बसलं. गेल्या रविवारी बाबांना त्यांच्या बदलीच्या गावी, गोरखपूरला, फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं रागावतील, नाहीतर नेहमीसारखे समजूत काढतील, की आईचा जीव आहे, व्हायचंच. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. एवढंच म्हणाले, ‘मला कशाला सांगतेस? त्याला सांग.’ आणि फोन ठेवून दिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याआधी फोन कधी ठेवला नव्हता.

तरीही मी कदाचित अजून चालढकल केली असती. पण मंगळवारी धनंजय आणि अनन्या आले, छोट्या सानिकाला घेऊन. होळीला गाडीने अल्मोड्याला जायचं आणि त्याआधी चाक बदलून घ्यायचं, तुझं पहिलं गिऱ्हाईक. अनन्याने तुला विचारलं, ‘भैया, सेफ़ तो है ना?’ तू हसून म्हणालास, ‘मेरी गाड़ी में पूरी रैली चला है, भाभी. एक बोल्ट नहीं हिला.’ तू खोटं बोलत नव्हतास. तुला जे खरं वाटत होतं ते तू सांगितलंस. पण तिचं समाधान झालं नाही, आणि तिने माझ्याकडे बघितलं. बाळ तिच्या मांडीवर बिस्किट चोखत होतं. आणि मयूर, मी मान डोलावली. हो म्हटलं. चाक चोरलं त्याची लाज मला पचवता आली होती, या मान डोलावण्याची पचत नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला आरशात बघून कुंकू लावलेलं नाही, अंदाजाने लावते.

आजवर मी मनाशी याला काळजी म्हणत आले. आईची काळजी म्हटलं की सगळं माफ होतं. पण तेच चाक बाबांनी बसवलं असतं, किंवा शकीलभाईंनी, तर मी एक शब्द विचारला नसता. मला भीती चाकाची नव्हती. तुझ्या हातावर माझा विश्वास नव्हता. उघडून कधी न जोडलेला ट्रान्झिस्टर, अर्ध्यावर सोडलेला तबला, हे सगळं मी तुझ्या नावावर मांडून ठेवलं होतं, आणि टॉर्च धरून समोर जे बघत होते ते मात्र मोजलंच नाही. याची मला तुझ्यापुढे फार लाज वाटते.

चाक पुसून तुझ्या टेबलावर ठेवलं आहे, हे पत्र त्याच्यावर आहे. धनंजयला आज फोन करून उद्या येऊ नको म्हणून सांग, आणि कारण विचारलं तर माझं नाव घे, काही लपवू नकोस. राजीनाम्याचं तू ठरव. त्यावर बोलायचा माझा अधिकार मीच घालवला आहे. माझं मागणं एवढंच आहे. ते चाक आधी आपल्या गाडीत बसव, तू बसवलं होतंस तसंच. गाडी बाहेर काढशील तेव्हा शेजारच्या सीटवर मी बसेन, सीतापूर रोडवर तुला हवी तेवढी पळव. आणि मग महिनाभर मला रोज बँकेत त्याच गाडीतून सोड आणि घ्यायला ये. महिन्यानंतर सगळे बोल्ट माझ्यासमोर तपास. तोवर कुणाच्याही गाडीला हात लावू नकोस. मग अनन्याकडे मी स्वतः जाईन, तेव्हा खोटं सांगितलं होतं हे कबूल करेन, आणि नंतर सांगेन की माझ्या मुलाने बसवलेल्या चाकाचा एक बोल्ट हलला नाही.

तुझ्या रागाला तयार असलेली, तुझीच
आई