डाव्या कानाची मशीन

उस्ताद,

तुमचं टेबल आता वारंगा फाट्यावर आहे. डोंगरकड्याचं दुकान सोडलं तेव्हा बाकी काही आणलं नाही, टेबल तेवढं टेम्पोत घालून आणलं. सोल्डरिंगचे डाग आहेत तसेच आहेत, अन् तुम्ही चहाची बशी ठेवायचे तिथला गोल डागही आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण मी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज भर दुपारी शटर अर्धं ओढून बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून राहिलो. चाचीच्या बाबतीत माझ्या हातून एक वाईट काम झालंय आणि ते सांगायला मला तुमच्याशिवाय माणूस नाही.

आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. तुमच्या वेळी वस्तू बनवणारा तिला चार स्क्रू द्यायचा. म्हणजे त्याचं म्हणणं असायचं की बाबा, उद्या बिघडलं तर इथून आत ये. आता स्क्रू गेले. मोबाइलची पाठ काचेची, ती गोंदानं चिकटवलेली, आणि आत बॅटरीही चिकटवलेली. हेडफोनचं भोक गेलं, बटणं गेली. मनगटावरचं घड्याळ नाडी मोजतं, चष्म्यात कॅमेरा आलाय, टीव्हीशी बोलावं लागतं आणि आमच्या फाट्यावरचं बोलणं त्याला कळत नाही. मागं एका माणसानं "लाग की रे बाबा" म्हणून त्याच्या पुढं अर्धा तास विनवण्या केल्या आणि शेवटी तो डोक्यावर घेऊन माझ्याकडं आला. एकदा मी एका मोबाइलला तसल्याच दुसऱ्या मोबाइलचा पडदा बसवला. तसूभर फरक नव्हता. चालू केला तर मोबाइल लिहून दाखवतो की हा भाग माझा नाही. तुम्ही असते तर त्याला दोन शिव्या हासडल्या असत्या. वस्तू देखण्या असतात, खोटं काहून बोलू. हातात घेतली की गुळगुळीत, कुठं फट नाही, सांधा नाही. मी बोट फिरवत राहतो आणि आत जायला जागा सापडत नाही. पाटीवर अजून 'रिपेअरिंग' लिहिलंय, पण दिवसभर मी काचेवर प्लास्टिक चिकटवतो, चार्जर विकतो आणि दहा जणांना "होत नाही" म्हणून परत पाठवतो.

हे "होत नाही" मी तुमच्याकडं आलो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात म्हणालो होतो. कॉलेज अर्धवट सोडून आलेलो, दोन पुस्तकं वाचल्याची घमेंड होती. औंढ्याकडचा एक माणूस धुळीनं भरलेला रेडिओ घेऊन आला. तुम्ही नमाजाला गेला होता. मी रेडिओ हलवून बघितला आणि म्हणालो, "होत न्हाई काका, नवा घ्या." तो गेला. तुम्ही आलात, मी सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलं, "खोलके देखा?" मी नाही म्हणालो. तुम्ही चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "जा. घेऊन ये त्याला." मी सायकल हाणत या फाट्यापर्यंत आलो. माणूस औंढ्याच्या गाडीची वाट बघत बसला होता. त्याला रेडिओसकट कॅरिअरवर बसवून परत नेला. तुम्ही पाठीचे चार स्क्रू काढले, तर स्टेशन फिरवायच्या पत्र्यांवर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. जुन्या दातांच्या ब्रशनं ते खरवडलं आणि रेडिओवर बाजारभाव लागले. त्या माणसासमोर तुम्ही मला म्हणालात, "खोले बगैर 'नै होता' बोलना नक्को. न उघडता नाही म्हणणं हा आळस आहे, त्याला अक्कल म्हणू नको." माझे कान तापले होते. पण उस्ताद, तो नियम मी अंगाला लावून घेतला.

ती माती तुम्ही वर्तमानपत्राच्या कागदात बांधली आणि पुडी त्या माणसाच्या हातात दिली. तुमची ही रीतच होती. जळालेला रेझिस्टन्स असो, तुटलेली दोरी असो, जे निघालं ते पुडीत घालून गिऱ्हाइकाला द्यायचं, म्हणजे त्याला डोळ्यांनी दिसतं. डोंगरकड्यात लोक तुमच्या बोलण्यापेक्षा तुमच्या पुडीवर जास्त विश्वास ठेवायचे. आणि तिसरी गोष्ट तुम्ही शिकवली ती ही, की बिघडलेलं समजत नसेल तर तसलंच चालू असलेलं शेजारी उघडून ठेवावं. चालू वस्तू बरोबर रस्ता दाखवते. या तीन गोष्टींवर मी घर चालवलं, पोरांची लग्नं केली. आणि या तीनच गोष्टींनी चाचीचं वाटोळं केलं.

चाचीचं तुम्हाला काय सांगायचं. पण तुमच्यामागं तिचे कान गेले हे तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या घरी जेवायला बसायचो तेव्हा ती भाकरी थापता थापता ओसरीतल्या पोरींचा सबक ऐकायची. पाठ आमच्याकडं, हात पिठात, आणि कुणी एखादा उच्चार चुकली की मान न वळवता तिथंच थांबवायची. गल्लीतल्या किती पोरींना तिनं कुराणाचा सिपारा वाचायला शिकवलं असेल. मग हळूहळू तिला ऐकू येईना. चुका कळेनात तर शिकवू कशी म्हणून तिनंच पोरींना येऊ नका म्हटलं. पाच-सहा वर्षं ओसरी रिकामी होती. मी जायचो, ती अंबाडीची भाजी वाढायची आणि भिंतीकडं बघत बसायची.

दोन वर्षांमागं हैदराबादच्या लेकीनं तिला कानाच्या मशीनची जोडी आणली. घेवड्याच्या दाण्याएवढ्या, कातडीच्या रंगाच्या. सेल नाही, तार नाही. सुपारीच्या डबीसारख्या डबीत ठेवल्या की आपोआप चार्ज होतात, आणि गर्दीत आवाज आपला आपण कमी करतात. ज्या गोंदावाल्यांना मी रोज शिव्या देतो त्यांनीच बनवलेली वस्तू, पण तिनं चाचीला कान दिले, हे कबूल केलं पाहिजे. तेव्हा चाची मला म्हणाली, "रोटी फुगती ना बेटा, तब आवाज करती. मैं भूलच गई थी." आणि महिन्याभरात ओसरीत सात पोरी बसायला लागल्या.

मागच्या महिन्यात एका सकाळी ती ऑटोत बसून एकटीच फाट्यावर आली. स्टुलावर बसली, उजव्या कानातली मशीन काढून टेबलावर ठेवली. तुमच्या बशीच्या डागावरच.

"ये बाजूवाली बोलती, ये नै बोलती," ती म्हणाली. "दो दिन हो गए."

मी हातात घेतली, पुसली, फिरवून बघितली. स्क्रू नाही. "चाची, ही उघडायची वस्तू न्हाई. हैदराबादला पाठवा."

"वहाँ भेजे तो दो महिने. पोरियाँ बैठे हैं मेरे." मग जरा हसून म्हणाली, "तेरे उस्ताद खोले बगैर 'ना' बोलते थे क्या?"

दिवसाला दहा जणांना नाही म्हणणारा मी, तुमच्या टेबलावर बसून तुमच्या बायकोला नाही म्हणू शकलो नाही. गरम हवा मारली, पातळ पातं घेतलं, सांध्याची रेघ धरून घातलं. ती उघडली नाही उस्ताद, चिरली. आत तुरीच्या डाळीएवढी बॅटरी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली केसासारखी पट्टी. पट्टी तुटलेली होती. ती आधीच तुटलेली होती की माझ्या पात्यानं तुटली, हे मला समजेना. मग तुमची तिसरी शिकवण आठवली. मी हात पुढं केला अन् म्हणालो, "डावी पण द्या चाची, चालू आहे ती. आत कशी आहे बघून घेतो."

तिनं कानातून काढली आणि दिली.

दुसरी मी फार जपून उघडली. श्वास धरून. तिचीही पट्टी तुटली. फाट्यावर ट्रकचे भोंगे वाजत होते, बसवाला हिंगोली हिंगोली ओरडत होता, आणि चाची स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. तिच्यासाठी सगळं बंद झालं होतं. मी मान वर करायला अर्धा तास लावला, जसं काही अजून काम चालूच आहे. मग हातानं खूण केली, उद्या, आणि तिला ऑटोत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मशीन काडेपेटीत घालून नांदेडला गेलो. कानाच्या मशीनच्या दुकानात एक मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं विचारलं, उजवीला काय झालं होतं. मी म्हणालो, आवाज येत नव्हता. तिनं चिमट्यानं तोंडाशी असलेली एक बारीक जाळी ओढून काढली, टाचणीच्या डोक्याएवढी. "काका, हिच्यात कानातला मळ साचलाय. ही जाळी बदलायची असते. मशीन उघडायचीच नसते." मी विचारलं, आता काय करायचं. ती म्हणाली, आता काही होत नाही, उघडलेली कंपनी घेत नाही, आजींना घेऊन या, कान तपासून नवी जोडी करू. तिनं किंमत सांगितली. ती माझ्या ऐपतीबाहेरची होती. मी पाणी मागून प्यालो आणि निघालो. बसमध्ये मला ती कुंभारमाशीची माती आठवत राहिली. तेव्हा माती आत होती. इथं मळ बाहेर होता, दाराशीच, आणि मी घर पाडून आत शोधत बसलो.

पुढचं सांगायची लाज वाटते. बसमध्येच मी दोन्ही बॅटऱ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधल्या. डोंगरकड्याला उतरलो. चाचीला डाव्या कानात थोडंसं ऐकू येतं, तोंड अगदी जवळ नेऊन ओरडलं तर. तसं ओरडलो, "पार्ट खराब निकले, चाची. दोनो के." आणि पुडी दिली. तिनं उघडली, ते दोन काळे दाणे बोटानं हलवून बघितले आणि मान डोलावली. "तू खोलके देखा ना. बस हुआ." उलट माझी समजूत काढायला लागली की तुमच्यानंही सगळ्याच वस्तू होत नव्हत्या. मग ती पुडी तिनं तुमच्या त्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, ज्यात लोक न्यायला विसरलेल्या तुमच्या पुड्या आहेत. लेकीला कळवलं की पार्ट खराब झाले. लेक म्हणाली, ईदला आल्यावर बघू. ईदला अजून सात महिने आहेत.

परवा दुपारी मी खरं सांगायचं ठरवून गेलो. मला वाटलं होतं ओसरी रिकामी असेल. पोरी होत्या. चाचीनं या वेळी त्यांना येऊ नका म्हटलेलं नाही, का ते मी विचारलं नाही. सिपारा उघडा होता आणि चाची ओळीखालून बोट फिरवत होती. समोरची पोरगी नुसते ओठ हलवून राहिली होती. आवाज काढतच नव्हती. बाकीच्या तोंडावर ओढणी धरून हसू दाबत होत्या. पान संपलं तसं चाचीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शाबास." मी दारात चपला हातात घेऊन उभा होतो.

पोरी गेल्यावर तिनं चहा ठेवला. मी भिंतीला टेकून बसलो आणि सगळं सांगितलं. जाळीचं, पट्टीचं, डावी मागून घेतली त्याचं, पुडीचं. काही राखून ठेवलं नाही. ती गाळणी हातात धरून माझ्याकडं बघत होती. माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, "क्या बोला बेटा? जोर से बोल ना."

मी उठलो, तिच्या डाव्या कानाशी वाकलो आणि ओरडून म्हणालो, "चाय अच्छी हुई, चाची."

ती हसली. चाचीला मशीनचं सांगायला जातो एवढंच बायकोला बोलून निघालो होतो, घरी आल्यावर तिनं विचारलं, सांगितलंत का. मी व्हय म्हणालो. ते खोटं नव्हतं. हा कागद मी तुमच्या डब्यात ठेवणार होतो, त्या पुडीशेजारी. पण तुम्हाला मराठी यायचं, चाचीला फक्त उर्दू वाचता येतं. तिच्या हाती पडला तर ती शेजारच्या कुणाला तरी वाचायला देईल आणि ते माणूस तिच्या कानाशी ओरडून सांगेल. म्हणून तो टेबलाच्या खणातच राहू दे.

डाव्या कानाशी तोंड नेलं की तिला ऐकू येतं, हे मला त्या दुपारीही माहीत होतं, उस्ताद. पार्टचं मी तसंच सांगितलं, चहाचंही तसंच सांगितलं. खरं तेवढं दोन हात लांब बसून, हळू आवाजात सांगितलं.