जुन्या वाणाचं शून्य

अकोला, ३ फेब्रु. ६९
मुंबईहून कॉम्प्युटरचे कागद आले. नव्या वाणांच्या चाचणीतल्या प्रत्येक प्लॉटमधून जुन्या वाणाचा कापूस वजा करायचा, एवढंच काम. जुनं वाण शून्य आलं, ते ठीक. स्वतःतून स्वतः गेलं. पण बाकीचे आकडे जसेच्या तसे, काहीच वजा नाही! गेल्या वर्षी प्रोग्रॅमच्या ह्याच भोकं पाडलेल्या कार्डांनी चोख उत्तर दिलं होतं.

४ फेब्रु.
फार्मचे साहेब : "बाई, सारीच नवी वाणं एवढी फुगली? हाताच्या मशीनवर असं होत नव्हतं." मीच हट्टाने हिशेब मुंबईला नेलेले. "मंग तुमाले कायम करून काय करू?" हसून म्हणाले, पण म्हणाले. नोकरीत कायम करायचा माझा कागद त्यांच्याच टेबलावर. मुंबईला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुळेंना पत्र टाकलं.

१७ फेब्रु.
मुळेंचं उत्तर. कंपायलर, म्हणजे माझा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा, गेल्या वर्षी 'जलद'वर होता, यंदा साध्यावर. जलद असला की जुन्या वाणाचा आकडा एकदाच उचलतो नि तोच धरून सगळीकडे वजा करतो. साधा दरवेळी मूळ जागी जाऊन बघतो. आणि आमच्याकडे जुनं वाण कायम बांधालगत, पहिल्याच प्लॉटात. पहिली वजाबाकी त्याचीच, तिथेच शून्य. पुढे सगळ्यांतून शून्य वजा!
नियमच आहे म्हणे : सबरूटीनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतल्या छोट्या प्रोग्रॅमला, दोन नावं दिली आणि एकात बदल होणार असेल, तर दोन्ही एकाच जागेची नकोत. ह्याच भरवशावर कंपायलर घाई करतो. हुश्श. चूक माझी, जुन्या वाणाचा आकडा यादीतल्या त्याच जागेवरून दिला; पण सापडली. आकडा आधी वेगळा काढून ठेवायचा, बस्स.

२३ फेब्रु., रविवार
अमरावती. बडनेऱ्याला गाडी रखडली. आईला सगळं सांगितलं. ती : "म्हंजे मापच सांडून टाकलं तू, अन् मंग रिकाम्या मापानं मोजत बसली काय?" पोट धरून हसले. किती दिवसांनी.

१० मार्च
नवे कागद. जलद, साधं, दोन्हींचं उत्तर एकच. साहेबांनी एकदोन प्लॉट हाताने पडताळले, "बराबर हाय" म्हणाले आणि माझ्या कागदावर सही केली. कायम! व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.
मुळेंनी खाली लिहिलंय, वेळ मात्र दोन्हींना जवळपास सारखाच लागला. मग ज्या नियमापायी माझी झोप उडाली, त्याने घाई होते तरी का? म्हणतात, तुमचा प्रोग्रॅम लहान, त्यात कळायचं नाही. असेल. मोठ्यात कळतं का, ते त्यांनीही अजून पाहिलेलं नाही. पुढच्या हंगामात मोठा पाठवते.
जुनं वाण बांधालगतच राहणार. साहेब हलवू देणार नाहीत, आणि आकडा वेगळा काढलाय, तर मीही आता हलवा म्हणणार नाही.