पितळी पट्टीवरचं बोट

३ नोव्हेंबर १९८६, पांढुर्णा
आज संत्रा-कापूस खरेदी संघात रुजू झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि बाबांनी ही नोकरी कायम झाल्यासारखीच गावभर सांगितली आहे. खरं तर अजून काहीच कायम नाही. काम मात्र मनासारखं आहे. संघाची खरेदी केंद्रं मोहगाव, जामसांवली, लोहारखेडी अशी पसरलेली. फोनची तार तुटली किंवा बाबू जागेवर नसला, तर इथे कुणाला कळतच नाही आणि तिकडे माल सडतो. म्हणून कचेरीत दिव्यांचा फळा लावायचा. प्रत्येक केंद्राचा एक दिवा. तिकडे बाबूने दर तासाला बटण दाबलं की इथे दिवा लागणार. चोवीस तारखेला अध्यक्ष येऊन फळा बघतील. सगळे दिवे लागले तर मी कायम, नाहीतर घरी.
कचेरीतली टेलिफोन ऑपरेटर नलिनी, तिच्या खोलीत राहते आहे. ती खूप हसते. मला आल्या आल्या ‘दिवेवाली मॅडम’ म्हणायला लागली.

८ नोव्हेंबर
फळा लागला. दोन दिवस दर तासाला बघावं तर मोहगावचा दिवा लागलेलाच, म्हणून मी खूश. आज तिथे गेले तर बाबू अरविंद गायब आणि बटणात आगकाडी खोचलेली. पानाच्या टपरीवरून सावकाश आला. म्हणाला, मॅडम, साहेबाले दिवा पाहिजे न, मंग लागून राहिला न दिवा.
रडावं की हसावं कळेना. जामसांवलीतही तोच प्रकार, तिथे कागदाची घडी.

११ नोव्हेंबर
बटणं काढून टाकली. त्यांच्या जागी पितळेच्या दोन पट्ट्या. दोन्हींवर मिळून बोट ठेवलं की अंगातून अगदी थोडा प्रवाह जातो आणि दिवा लागतो. काडी-कागदाला फसत नाही. नाणं ठेवलं तर इथे घंटाच वाजते. संत्र्याची फोड ठेवली तरी दिवा लागतो, पण हे मी बाबूंना सांगणार नाही.
सचिव पुंडलिकराव साहेब नाराज. म्हणाले, पोरी, मशीन लावायले आली का मानसाची इज्जत काढायले?

१३ नोव्हेंबर
नलिनी चुलतबहिणीच्या लग्नासाठी सौंसरला गेली. तिच्या जागी फोनवर मीच बसते. मोहगाव, जामसांवली उत्तम. लोहारखेडीचा दिवा मात्र लागत नाही. फोन केला की तिथला बाबू सुखदेव लगेच उचलतो. म्हणतो, बोट ठेवलं आहे, सगळं ठीक आहे. साहेब म्हणतात, फोन तं लागून राहिला, मंग दिव्याची कायले फिकीर?

१४ नोव्हेंबर
लोहारखेडीला गेले. फोनवरून कचेरीतल्या शिपायाला फळ्याकडे बघायला सांगितलं. मी बोट ठेवलं, दिवा लागला. संत्र्याची फोड ठेवली, लागला. सुखदेवने ठेवलं, नाही. बोट ओलं करायला लावलं. नाही. शेवटी त्याचा हात माझ्या हातात घेऊन मीच घट्ट दाबून धरला. बराच वेळ. हात गार होता. तरी नाही. तो नुसता म्हणत राहिला, ठीक आहे, ठीक आहे.
येताना वैतागून मोहगावला उतरले. बोट कसं ठेवायचं ते अरविंदला त्याचं बोट धरून पुन्हा दाखवलं.

१७ नोव्हेंबर
आता मोहगावही बंद. तारा तपासल्या, बॅटरी बदलली, काही दोष नाही. फोनवर अरविंद म्हणतो, ठीक आहे. एरवी हा माणूस मला चार टोमणे मारल्याशिवाय फोन ठेवत नाही.
जामसांवली केंद्रावरची कारकून विजयाबाई घाबरून फोनवर सारखी विचारते, आमचाही बंद पडेल का? तिलाही जाऊन हात धरून शिकवून आले.
खानावळीचा डबा तसाच परत गेला. कामाच्या नादात भूक लागली नाही. खानावळवाल्याने विचारलं, मी म्हटलं ठीक आहे.

१९ नोव्हेंबर
जामसांवली बंद.
साहेब सगळ्यांदेखत बोलले. तुहं शिक्षण आम्हाले महागात पडून राहिलं, म्हणाले. मी जिथे दुरुस्तीला जाते तेच केंद्र बंद पडतं. बाकीच्या केंद्रांचे दिवे लागतात. तिथे मी पट्ट्या बसवल्यानंतर गेलेच नाही.

२१ नोव्हेंबर
सुखदेवची बायको अंबाबाई कचेरीत आली होती. साहेब भेटले नाहीत म्हणून माझ्याजवळ बसली. पोळ्याच्या आधी नवऱ्याला ताप आला होता. नागपूरच्या डॉक्टरने घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. एका सकाळी श्वास थांबला. मानसं जमली, बांबू आनले, आन् हा उठून बसला, म्हणाली. तेव्हापासून, बाई, जेवत नाई, झोपत नाई, कोनाले अंगाले हात लावू देत नाई. इचारलं तं म्हन्ते, ठीक हाय.
जाताना मी तिचा हात हातात घेणार होते. का कोण जाणे, घेतला नाही.

२२ नोव्हेंबर
मोहगावला फोन. त्याला बघायला केंद्रावर आलेल्या अरविंदच्या आईने घेतला. म्हणाली, पोरगा आठवडाभर जेवला नाही, नुसता बसून आहे —
जामसांवली. विजयाबाईचं तेच.
सुखदेवचा हात मी धरला. मग अरविंदचा. मग विजयाबाईचा. तिघांचेही हात मीच —
मीही डबा किती दिवस परत पाठवते आहे? झोप नाही. थकवाही नाही.
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बटणं परत लाव, अध्यक्षाले दिवे दाखव, नोकरी घे, गप बस.

२३ नोव्हेंबर, सकाळ
एक पट्टी खोलीवर आणली. नवी बॅटरी. संत्र्याची फोड, दिवा लागला. माझं बोट —
पुसलं. ओलं केलं. दुसरा हात. जीभसुद्धा लावून पाहिली.
नाही.

दुपार
आतून कडी लावली आहे. नोकरी नको. फळा नको. कुणाला शिवायचं नाही, एवढंच.
नलिनी सौंसरहून आली. दार वाजवते आहे. मी ओरडून सांगितलं, जा, मला हात लावू नको. ती हसली. दिवेवालीले शॉक लागला वाटते, म्हणाली. मग हसणं थांबलं. ताप आला का गं, विचारते आहे.
मी खिडकीजवळ जाऊन खरं सांगायला तोंड उघडलं, तर तोंडून निघालं, ठीक आहे.
सगळं लिहून दाराखालून सरकवेन. ती वाचेल, जाईल.
ती घरमालकाची कोयती घेऊन आली. फटीतून कडी उचलते आहे. मी कोपऱ्यात. हात पाठीमागे —
लिहायचं तर हात पुढे —
कडी पडली. नलिनी, तिथेच थांब, जवळ येऊ — कपाळ बघू म्हणते — तिचा हात —